आधी सिनेमा, मग पुस्तक: रूपांतरित चित्रपटाचं परीक्षण कोणत्या क्रमाने लिहावं

पुस्तकावरून, नाटकावरून, कॉमिकवरून किंवा व्हिडिओ गेमवरून आलेल्या सिनेमांची परीक्षणं बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. लिहिणारा तुलना आधी करतो आणि सिनेमा नंतर बघतो. मूळ गोष्टीतल्या प्रसंगांची यादी डोक्यात घेऊन तो खुर्चीत बसतो, दोन तास 'हे आहे, हे नाही' करत राहतो आणि घरी येऊन लिहितो, 'पुस्तकाची सर नाही.' हे खरं असेलही, पण त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. मूळ गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला हा सिनेमा भिडेल का? आणि ती पाठ असलेल्याला इथे वेगळं काय मिळेल?

खाली दिलेला क्रम या दोन प्रश्नांसाठी आहे. पायऱ्या वरखाली केल्यात तर गडबड होते, विशेषतः चौथी आणि पाचवी.

## १. 'मूळ' नेमकं कोणतं, ते आधी शोधा

हे काम तिकीट काढण्यापूर्वीचं. पोस्टरवर 'गाजलेल्या पुस्तकावर आधारित' असं असलं तरी सिनेमा थेट त्या पुस्तकातून आला असेल असं नाही. मधे एखादं नाटक, मालिका किंवा जुना सिनेमा असतो आणि खरी उसनवारी तिथून झालेली असते.

'विकेड' या २०२४ च्या सिनेमाची साखळी पाहा. १९०० सालचं मुलांचं पुस्तक, त्यावरचा १९३९ चा सिनेमा, मग १९९५ ची मोठ्यांसाठीची कादंबरी, तिच्यावरचं २००३ चं संगीत नाटक आणि त्या नाटकावरून हा सिनेमा. यातल्या चेटकिणीचा हिरवा रंग सगळ्यांना ठाऊक आहे, पण १९०० च्या पुस्तकात ती हिरवी नाहीच. तो रंग १९३९ च्या सिनेमाने दिला. 'मूळ पुस्तकातली हिरवी चेटकीण' असं लिहिणाऱ्याने दुसऱ्या कडीचं श्रेय पहिलीला दिलेलं असतं.

म्हणून वहीत साखळी मांडा. प्रत्येक कडीसमोर वर्ष आणि माध्यम लिहा आणि आताच्या सिनेमाच्या लगेच मागची कडी कोणती, तिला गोल करा. तुमची मुख्य तुलना तिच्याशी. बाकीच्या कड्या गरज पडली तरच.

श्रेयनामावलीही नीट वाचा. 'अमुक पुस्तकावर आधारित' आणि 'अमुकने निर्माण केलेल्या पात्रांवर आधारित' यात फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारात कथा नवी असू शकते, आणि मग 'पुस्तकातला हा प्रसंग का नाही?' हा प्रश्नच उरत नाही. हॉलिवूडच्या श्रेयात दोन लेखकांच्या नावांमध्ये & ही खूण असेल तर त्यांनी जोडीने लिहिलेलं असतं. 'अँड' हा शब्द अक्षरांत असेल तर त्यांनी वेगवेगळं काम केलेलं असतं, बहुधा एकाच्या मसुद्यावर दुसऱ्याने. सिनेमाचा सूर मधेच बदलल्यासारखा वाटला तर ही खूण आठवावी. पुरावा म्हणून ती वापरू नये.

तपासा: साखळीतली प्रत्येक कडी तुम्ही स्वतः वाचली किंवा पाहिली आहे का? नसेल तर तिच्याबद्दल परीक्षणात मत देऊ नका. 'जाणकार म्हणतात' असं लिहून वेळ मारून नेली की वाचकाला ते लगेच कळतं.

## २. मूळ कधी वाचायचं ते ठरवा

आदल्या रात्री नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. एका भयपटाच्या आदल्या दिवशी मी कादंबरी संपवली आणि थिएटरमध्ये पूर्ण वेळ पुढच्या प्रसंगाची वाट बघत बसलो. बाहेर आल्यावर वही उघडली तर तिच्यात एकवीस फरकांची यादी होती. अभिनयावर एक ओळ नाही, आवाजावर एक शब्द नाही, आणि भीती कुठे वाटली याची एकही नोंद नाही.

मूळ आधी वाचलेलं नसेल तर सिनेमा कोरा बघा आणि मूळ नंतर वाचा. परीक्षणाला दोन दिवस उशीर होईल, होऊ द्या. पूर्वी वाचलेलं असेल तर पुन्हा चाळू नका. आठवणीत जे उरलंय तेवढं पुरे, कारण पुस्तक वाचून सिनेमाला येणारा सामान्य प्रेक्षकही तसाच येतो. मात्र आठवणीतला तपशील परीक्षणात लिहिण्यापूर्वी पुस्तक उघडून पडताळा. वाचलेलं, ऐकलेलं आणि जुन्या सिनेमात पाहिलेलं आपल्या डोक्यात सहज मिसळतं.

## ३. कोणती आवृत्ती बघताय, हे लिहून ठेवा

ही पायरी छोटी आहे. डब केलेली की मूळ भाषेतली, थ्रीडी की साधी, थिएटरमध्ये की घरी, एवढं टिपा. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला सबटायटलं झेपत नाहीत, त्यामुळे कौटुंबिक सिनेमाच्या बाबतीत डबिंग कसं आहे ही वाचकाच्या फार कामाची माहिती असते.

सिनेमा पूर्ण गोष्ट सांगतो की अर्धी, तेही आधी पाहून घ्या. 'विकेड'चा पहिला सिनेमा १६० मिनिटांचा असूनही नाटकाचा फक्त पहिला अंक सांगतो. हे ठाऊक नसलेला लिहितो, 'शेवट अर्धवट सोडलाय.' ठाऊक असलेला वेगळा प्रश्न विचारतो: या अर्ध्या भागाला स्वतःची सुरुवात, चढ आणि मुक्काम आहे का, की प्रेक्षकाला नुसतं ताटकळत ठेवलंय? दुसरा प्रश्न विचारला तरच सिनेमाला न्याय मिळतो.

## ४. थिएटरमध्ये: फक्त सिनेमाची टिपणं

अंधारात मोबाइल उघडायचा नाही. छोटी वही, पेन आणि एका पानावर चार-पाच शब्द, न बघता लिहिलेले. अक्षर वाकडंतिकडं येतं, पण नंतर लागतं.

टिपायच्या गोष्टी अशा:

- मी कुठे हललो, हसलो, दचकलो
- कुठे घड्याळ पाहावंसं वाटलं
- कोणती गोष्ट कळली नाही
- सभागृह कुठे शांत झालं, कुठे चुळबुळ सुरू झाली
- डोळ्यांत राहिलेली एक चौकट, कानात राहिलेला एक आवाज

यातल्या 'कळली नाही' या नोंदीला सगळ्यात जास्त जपा. मूळ ठाऊक असणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण अशी की सिनेमाने सोडलेल्या फटी त्याचं डोकं आपोआप भरून काढतं. एखादं पात्र अचानक बाजू बदलतं आणि तुम्हाला काही खटकत नाही, कारण त्यामागचं कारण तुम्ही पुस्तकात वाचलंय. शेजारचा मात्र बुचकळ्यात पडलेला असतो. म्हणून अशा प्रत्येक वळणावर स्वतःला विचारा: हे मला पडद्यावरून कळलं की घरून आणलं?

सावधान: 'पुस्तकात असं नव्हतं' ही नोंद थिएटरमध्ये करू नका. ती सुचेलच. सुचू द्या आणि सोडून द्या. महत्त्वाची असेल तर सहाव्या पायरीला परत येईल.

## ५. बाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास

कुणाचं मत ऐकू नका, रेटिंग बघू नका, पुस्तक उघडू नका. बसून दीडशे-दोनशे शब्द लिहा आणि त्यात मूळ कलाकृतीचा उल्लेख एकदाही येऊ देऊ नका. ही गोष्ट जणू आजच पहिल्यांदा सांगितली गेली, असं धरून लिहा. कशाबद्दल होती? कोणाचं काय पणाला लागलं होतं? सिनेमाने सुरुवातीला कशाची हमी दिली आणि ती पाळली का?

हा परिच्छेद तुमच्या परीक्षणाचा कणा. पुढे तुलना कितीही रंगली तरी इथलं मत ठोस कारणाशिवाय बदलायचं नाही. 'मला आवडला होता, पण पुस्तक वाचल्यावर कळलं की किती बदललाय' हे ठोस कारण नव्हे.

तपासा: हा परिच्छेद लिहिताच येत नसेल, प्रत्येक वाक्यात पुस्तक डोकावत असेल, तर तुम्ही सिनेमा पाहिलेलाच नाही. जमलं तर पुन्हा बघा.

## ६. आता मूळ उघडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी एक हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला सुमारे १२० पानं, तीही मोकळी सोडलेली. चारशे पानांची कादंबरी त्यात मावणार नाही. गाळणं अटळ आहे, त्यामुळे 'गाळलं' ही तक्रार होऊच शकत नाही.

तक्रार कुठे होऊ शकते? प्रत्येक पात्र, प्रत्येक प्रसंग गोष्टीत काहीतरी काम करत असतो. तो काढला की ते काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावं लागतं. वहीचे तीन रकाने करा: काय बदललं, मूळात त्याचं काम काय होतं, सिनेमात ते काम आता कोण करतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे खरा दोष आहे. भरला तर बदल चालून गेला. आणि मूळापेक्षा चांगला भरला असेल तर तुम्हाला परीक्षणाचा सगळ्यात वाचनीय परिच्छेद मिळाला.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आधीचा मसुदा असा:

> पुस्तकातली धाकटी बहीण सिनेमात घेतलेली नाही, त्यामुळे मजा गेली.

तीन रकाने भरल्यावर तोच मुद्दा असा होतो:

> पुस्तकात नायक घाबरलाय हे फक्त धाकट्या बहिणीला दिसतं. सिनेमाने ती वगळली आणि तिची नजर दुसऱ्या कोणाला दिली नाही. म्हणून उत्तरार्धात त्याला आपली भीती स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवावी लागते, आणि ती संपूर्ण वेळ पोकळ वाटते.

हे दुसरं रूप पुस्तक न वाचलेल्यालाही कळतं. त्याला सिनेमा उत्तरार्धात का ढेपाळला याचं कारण मिळतं. तुलनेचा उपयोग एवढाच आणि इतकाच मोठा.

आता खऱ्या सिनेमावर हे करून पाहू. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' हा २०२५ चा जिवंत कलाकारांचा सिनेमा. साखळी: २००३ चं मुलांचं पुस्तक, २०१० चा ॲनिमेशनपट, मग हा. पुस्तकात टूथलेस हा हिकप या मुलाचा ड्रॅगन लहानखुरा आहे, आणि ड्रॅगन पकडून माणसाळवणं हा तिथल्या मुलांच्या वयात येण्याचा रिवाजच आहे. २०१० च्या सिनेमाने हे उलटं केलं. गाव आणि ड्रॅगन एकमेकांचे वैरी केले आणि टूथलेसला सगळ्यात भयंकर जातीचा. यामुळे मैत्रीला किंमत आली, कारण आता ती केली तर मुलगा बापाच्या आणि गावाच्या विरोधात जातो.

२०२५ च्या परीक्षणात 'पुस्तकातला छोटा ड्रॅगन मोठा केलाय' अशी तक्रार करणारा पंधरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा हिशेब चुकीच्या माणसाकडे मागतो. खरं तर माणूस तोच आहे, डीन डीब्लॉइस, कारण २०१० चं दिग्दर्शन त्याने ख्रिस सँडर्ससोबत केलं होतं. पण तो निर्णय या सिनेमाचा नाही. या सिनेमाला विचारायचे प्रश्न वेगळे. ॲनिमेशनपट ९८ मिनिटांचा होता, हा १२५ मिनिटांचा. बरेचसे प्रसंग तेच असताना वाढीव २७ मिनिटं कुठे गेली? त्यांनी कोणाला खोली दिली, कुठे चाल मंदावली?

त्याहून बारीक बघायचं असेल तर एकच प्रसंग घ्या. मुलगा तोंड दुसरीकडे वळवतो, डोळे बाजूला करतो आणि तळहात पुढे धरतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग ड्रॅगन आपणहून नाक त्या तळव्याला टेकवतो. संवाद नाही. चित्रात काढलेल्या प्राण्याचे डोळे हवे तसे बोलके करता येतात, त्यामुळे तिथे अर्धं काम डोळ्यांनी केलं होतं. खऱ्या मुलाच्या खऱ्या हातासमोर मात्र प्रेक्षक वजन शोधतो. नाक टेकतं तेव्हा बोटं किंचित दबतात का? खांद्यावरचा ताण सुटतो का? मुलाचा श्वास ऐकू येतो का? तोच प्रसंग, तीच चौकट, आणि तरी परीक्षण करायला इतकं आहे. 'हुबेहूब कॉपी' असं लिहून मोकळं होणाऱ्याला यातलं काहीच दिसलेलं नसतं.

व्हिडिओ गेमवरच्या सिनेमाला अजून एक प्रश्न लागतो. गेममध्ये दार उघडायचं की नाही हे खेळणारा ठरवतो, आणि भीती त्या ठरवण्यात असते. सिनेमात दार दुसराच कोणी उघडतो. गेलेल्या त्या ताब्याच्या जागी दिग्दर्शकाने काय ठेवलं? नुसती ओळखीची ठिकाणं आणि ओळखीचे आवाज ठेवले असतील तर खेळणारे टाळ्या वाजवतील आणि बाकीचे जांभया देतील. दोन्ही लिहा.

सावधान: फरक सापडला की तो लिहावासा वाटतो, कारण शोधायला कष्ट पडलेले असतात. वीसपैकी तीन ठेवा.

## ७. कौटुंबिक सिनेमा असेल तर

इथे परीक्षण दोघांसाठी लिहायचं असतं: बघणाऱ्या मुलासाठी आणि नेणाऱ्या मोठ्यासाठी. नेणाऱ्याने ते पुस्तक लहानपणी वाचलेलं असतं आणि मुलाने बहुतेक वेळा नाही. 'आमच्या वेळची गोष्ट बिघडवली' हा सूर मोठ्यांना पटतो, पण मुलाला त्याच्याशी काहीही देणंघेणं नसतं.

शक्य असेल तर मुलांनी भरलेल्या खेळाला जा आणि पडद्याइतकंच आजूबाजूला बघा. एका सिनेमाबद्दल मी 'लहानांना चालेल' असं लिहायच्या बेतात होतो, कारण त्यात मारामारी जवळपास नव्हती. पण जाळ्यात अडकलेलं जनावर ओरडायला लागलं तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने पाय वर घेतले आणि आईच्या दंडामागे तोंड लपवलं. ती पुढची दहा मिनिटं बाहेर आली नाही. मी ते वाक्य खोडलं.

वयाचं प्रमाणपत्र नुसतं उतरवू नका. ते देशागणिक बदलतं आणि कारण सांगत नाही. कारण तुम्ही सांगा: आईवडिलांचा मृत्यू आहे का, प्राण्याला इजा होते का, एकदम मोठा आवाज येतो का, अंधाराचा लांब प्रसंग आहे का, लुकलुकणारे प्रखर दिवे आहेत का. दिव्यांची सूचना विसरू नका, अपस्माराचा त्रास असलेल्यांना ती गरजेची असते. गोष्ट न फोडता हे सगळं दोन ओळींत बसतं.

## ८. भय, रहस्य, विज्ञान: प्रकाराची हमी तपासा

भयपट घाबरवतो का? रहस्यपटात उत्तराच्या खुणा आधी पेरल्यात का? विज्ञानकथा स्वतःचे नियम पाळते का? हे प्रश्न मूळाशी इमान राखण्यापेक्षा आधीचे. मूळाला धरून चालणारा पण न घाबरवणारा भयपट फसलेलाच असतो.

रहस्य फोडण्याबाबत एक कडक नियम पाळा. 'पुस्तक जुनं आहे, सगळ्यांना शेवट माहीत आहे' हे गृहीत धरू नका. आणि दुसरी बाजू, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: रहस्यपटात 'शेवट बदलला आहे' एवढं लिहिणंसुद्धा फोडणंच आहे. पुस्तक वाचलेला माणूस त्या एका वाक्याने ओळखतो की आपल्याला ठाऊक असलेला खुनी खुनी नाही. शेवटाबद्दल लिहायचंच असेल तर ठळक सूचना देऊन, स्वतंत्र भागात, सगळ्यात खाली.

## ९. लिहिण्याचा क्रम

१. पाचव्या पायरीचा परिच्छेद नीटनेटका करून वर ठेवा.
२. गोष्टीची तोंडओळख चार-पाच वाक्यांत, सिनेमाच्या पहिल्या एक तृतीयांश भागापलीकडे न जाता.
३. एक प्रसंग जवळून. अभिनय, चित्रण, संकलन, आवाज यांबद्दल जे सांगायचंय ते शक्यतो याच प्रसंगातून सांगा. 'छायालेखन उत्तम, संगीत श्रवणीय' अशी हजेरी घेऊ नका.
४. मग तुलना. तीन मुद्दे, एकूण लेखाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही.
५. कोणी बघावा, कोणत्या आवृत्तीत, मुलांना घेऊन जावं का.

'मूळाचा आत्मा हरवला' हे वाक्य मसुद्यात आलं असेल तर काढा आणि त्या जागी हरवलेली गोष्ट नावाने लिहा. विनोद हरवला? एकटेपणा हरवला? गोष्ट सांगणाऱ्याचा खट्याळ आवाज हरवला? नाव सापडत नसेल तर बहुधा काही हरवलेलं नाही, सवय मोडली आहे एवढंच.

## १०. प्रसिद्ध करण्यापूर्वी

मसुदा दोनदा वाचा. पहिल्यांदा मूळ अजिबात माहीत नसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी: न समजणारं पात्राचं नाव, अर्धवट संदर्भ, 'ते प्रसिद्ध दृश्य' असे उल्लेख खुणा करत जा. दुसऱ्यांदा मूळ पाठ असलेल्याच्या डोळ्यांनी: वर्षं, नावं, कोणती गोष्ट कोणत्या कडीतून आली हे वहीतल्या साखळीशी ताडून बघा. देवनागरीत लिहिताना परदेशी नावांची एकच रूपं शेवटपर्यंत ठेवा. पहिल्या परिच्छेदात एक आणि शेवटी दुसरं असं हमखास होतं.

चूक प्रसिद्ध झाल्यावर सापडली तर गुपचूप बदलू नका. काय चुकलं होतं आणि काय दुरुस्त केलं, ते तारखेसह लेखाच्या तळाशी एका ओळीत लिहा.